इन्शुलिन, दुखरे गुडघे आणि मध्ये बदलायचं विमान: मुलीकडे परदेशी जाताना काय पाहावं?

प्राजक्त

नमस्कार. आम्ही दोघंही निवृत्त. मी ६७, हे ७२. मुलगी, जावई आणि नातू परदेशात असतात. आजवर तेच येत राहिले, आता आम्ही जायचं ठरवलं आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत, म्हणून आत्ताच विचारते आहे.

हे दोन प्रकारचं इन्शुलिन घेतात, एक जेवणाआधी आणि एक रात्री झोपताना. प्रवास पश्चिमेकडचा, म्हणजे घड्याळ बरंच मागे जाणार. मग रात्रीचं इन्शुलिन कुठल्या रात्री घ्यायचं? गुडघ्यांमुळे यांना सलग फार चालवत नाही. व्हीलचेअर मागू या म्हटलं की म्हणतात, "मी आजारी नाही." आयुष्यभर स्वतःच्या पायावर हिंडलेला माणूस, त्यांच्या मनाला लागेल असं मला काही करायचं नाही. विमान मध्ये एकदा बदलायचं आहे. एका तिकिटात मधला थांबा दीड तासाचा आहे, दुसऱ्यात चार तासांचा.

आणखी एक. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला, नातू शाळेत. दिवसभर घरात आम्ही दोघंच. तीन महिने राहावं असं मुलीला वाटतं. मला भेटीची ओढ आहेच, पण त्यांच्या बसलेल्या घडीत आपण अडचण तर होणार नाही ना, हा विचारही पाठ सोडत नाही. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

---

धावपट्टी

प्राजक्तताई, माझी सगळी नोकरी विमानतळावर प्रवाशांना मदत करणाऱ्या विभागात गेली. तेव्हा खुर्चीबद्दल आधी बोलतो.

काकांना सांगा, ही सोय आजाऱ्यांसाठी नाही, अंतरासाठी आहे. मोठ्या विमानतळावर विमानाच्या दारापासून पासपोर्ट तपासणीपर्यंत एक किलोमीटर चालावं लागू शकतं. तेही रात्रभर बसून गुडघे आखडल्यावर, पाठीला बॅग आणि पुढे वेळेचा धाक. घरच्या अंगणात चालता येतं म्हणून इथेही जमेल असं धरून चालू नका. मी ज्यांना नेलं त्यांतले कितीतरी जण खुर्चीतून उठून विमानात आपल्या पायांनी गेले. हवं तिथे उठता येतं, हवं तेवढं चालता येतं, आणि बरोबरचं माणूस शेजारून चालत येतं. तुमची ताटातूट होणार नाही.

मागताना मात्र नेमकं मागा. विमान कंपन्यांकडे यासाठी तीन संकेत असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात पण लांब चालता येत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट आसनापर्यंत न्यावं लागतं. हा फरक कागदापुरता नाही. विमान दूर उभं असलं तर बसने नेतात आणि जिन्याने चढवतात. 'आर' लिहिलेल्या प्रवाशाला जिना चढता येतो असं कर्मचारी धरतात. 'एस' लिहिलं असेल तर उचलून नेणारी गाडी मागवतात. तेव्हा काकांना विमानाचा जिना चढणं जमेल का, याचं खरं उत्तर आधी घरातच मिळवा.

विनंती तिकीट काढतानाच नोंदवा, निदान प्रवासाच्या ४८ तास आधी तरी. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार तिथल्या विमानतळांवर ही मदत विनामूल्य आहे, आणि पूर्वसूचनेची मुदतही ४८ तासांचीच आहे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने विमान कंपन्यांवर तशी जबाबदारी आहे. दोन टप्पे दोन कंपन्यांचे असतील तर दोघींकडेही फोन करून खात्री करा. एकीकडची नोंद दुसरीकडे पोचलीच असेल असं समजू नका. आणि दोघांचं तिकीट एकाच आरक्षण क्रमांकावर असू द्या.

आता तुमचा दीड तास. खुर्ची मागितलेल्यांना विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात. मोठं विमान रिकामं व्हायला अर्धा तास सहज जातो, मग पुन्हा सुरक्षा तपासणी, मग दुसरं गेट. पहिलं विमान थोडं जरी उशिरा आलं तरी पुढचं हुकतं. चार तासांचंच घ्या.

मधल्या वेळात मदत मागितलेल्यांना एका ठरावीक जागी बसवून ठेवतात. तिथे सोडून जाणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: न्यायला कोण येणार आणि किती वाजता. तुमचा विमान क्रमांक त्याच्या यादीत आहे ना, हे त्याच्यासमोर पाहा. सांगितलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर तुम्ही उठून काउंटरवर जा, संकोच करू नका. पासपोर्ट आणि औषधं खुर्चीच्या मागच्या कप्प्यात कधीही ठेवू नका. ती तुमच्या अंगावरच्या पिशवीत हवीत.

---

निळी_शाई

मी मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात नर्स होते. डोस मी सांगणार नाही, तो तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्याकडे काय घेऊन जायचं ते सांगते.

तिकिटाची प्रत न्या आणि निघण्याच्या-उतरण्याच्या वेळा दोन्हीकडच्या घड्याळांप्रमाणे शेजारी शेजारी लिहून न्या. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, म्हणून रात्रीच्या दोन डोसांमधलं अंतर वाढतं. येताना दिवस आखूड होतो, तेव्हा ते डोस एकमेकांच्या फार जवळ यायची भीती असते. जाण्याचं आणि येण्याचं वेळापत्रक वेगवेगळं लागतं. परतीचं आत्ताच लिहून घ्या. तिकडून डॉक्टरांना गाठणं अवघड जातं. प्रवासात एक मनगटी घड्याळ घरच्या वेळेवरच राहू द्या.

जेवणाआधीचं इन्शुलिन विमानात जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय घेऊ नये. गाडी आपल्या ओळीकडे येताना दिसते, तेवढ्यात विमान हलू लागतं, सगळ्यांना बसवतात आणि वाढणं थांबतं. इन्शुलिन पोटात जेवण नसताना गेलं तर साखर झपाट्याने खाली येते. ग्लुकोजच्या गोळ्या काकांच्या खिशात हव्यात, डोक्यावरच्या कप्प्यात नाही. आणि हे मला फार कळकळीने सांगायचं आहे: प्रवासात किंवा पोचल्यावर पहिल्या काही दिवसांत ते गुंगल्यासारखे वाटले, घाम आला, बोलणं तुटक झालं, तर "झोप झाली नाही म्हणून असेल" असं म्हणून सोडून देऊ नका. आधी साखर तपासा. जागरणाची ग्लानी आणि साखर उतरल्याची ग्लानी वरून सारखीच दिसते.

इन्शुलिन सामानाच्या बॅगेत मुळीच टाकू नका. तिथे ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी टाकूनच द्यावं लागतं. निम्मं तुमच्या हातातल्या बॅगेत, निम्मं काकांच्या. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून थंड पिशवी घ्या. पण बर्फाच्या थैलीला ते थेट टेकू देऊ नका. हातातल्या सामानातल्या द्रवाला बऱ्याच विमानतळांवर १०० मिलिलीटरची मर्यादा असते, औषधाला त्यातून सूट मिळते. मात्र तपासणीच्या वेळी ते बाहेर काढून दाखवा. डॉक्टरांचं पत्र छापील हवं, त्यात औषधांची मूळ नावं हवीत, कारण कंपनीने दिलेलं नाव देशागणिक बदलतं. दुखण्यावरच्या काही गोळ्यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल. गुडघ्यांसाठी काका अशी काही गोळी घेत असतील तर मधल्या थांब्याच्या देशाचाही नियम पाहा.

साखरेचा आकडाही तिकडे वेगळा दिसू शकतो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मापन मिलीमोलमध्ये असतं. आपल्याकडच्या मिलिग्रॅममधल्या आकड्याला १८ ने भागायचं, म्हणजे १८० चे १० होतात. नवीन मीटरवर १० दिसलं म्हणून घाबरून ग्लुकोज देऊ नका. कुपीतून इन्शुलिन घेत असतील तर कुपीवर ४० युनिट आहे की १०० हे पाहा आणि सिरिंज त्याच मापाची पुरेशी न्या. पेन असेल तर हा प्रश्न येत नाही.

पायांचं: जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकाच्या आसपास राहतो, तेव्हा धास्ती नको. मधल्या वाटेच्या कडेची जागा घ्या, तासा-दीड तासाने उठा, बसल्या जागी घोटे वरखाली हलवत राहा. घट्ट मोजे मधुमेह्यांनी डॉक्टरांना विचारूनच घालावेत. पायातला रक्तप्रवाह आधीच कमी असेल तर ते अपाय करतात.

---

दूरदेशी

काकू, मी तुमच्या मुलीच्या जागेवरून लिहिते आहे. माझे आईबाबा आणि सासूसासरे दोघंही आमच्याकडे येऊन राहतात.

तुम्ही अडचण होणार नाही. पण दिवसभर त्या घरात तुम्हाला पाहुण्यासारखं बसावं लागलं, तर तुम्हीच कोमेजून जाल. मुलीशी निघायच्या आधी बोलून ठेवा. पहिलं म्हणजे घराची स्वतंत्र किल्ली, तुमच्या हातात. हा माझा आग्रहच आहे. किल्ली नसली की चालायला जाणंसुद्धा परवानगीचं होऊन बसतं. दुसरं, पहिल्या आठवड्यात तिने एक दिवस रजा काढावी आणि फिरायला न नेता घर शिकवावं: शेगडी, नळाचं गरम पाणी, धुराचा भोंगा वाजला तर काय करायचं, दार आपोआप बंद होतं का. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत पत्ता आणि आपत्कालीन क्रमांक. तो उत्तर अमेरिकेत ९११, युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. मग जवळचं वाचनालय आणि बसचा मार्ग. आमच्या बाबांना बस कळली त्या दिवसापासून त्यांचा चेहराच बदलला. संध्याकाळी आमच्याजवळ सांगायला त्यांचं स्वतःचं काहीतरी असायचं.

नातवाचंही बोलून घ्या. त्याला शाळेतून आणणं, संध्याकाळी त्याच्याजवळ बसणं तुम्हाला आवडेल, मला खात्री आहे. पण रोजची जबाबदारी किती आणि तुमची दोघांची वेळ किती, हे आधी ठरलेलं बरं. गुडघे दुखत असताना आजोबा "नाही" म्हणणार नाहीत आणि मुलीला ते कळणारही नाही. पहिले काही दिवस नातू तुमच्याशी कमी बोलला तर वाईट वाटून घेऊ नका. फोनवर दिसणारी माणसं अचानक स्वयंपाकघरात उभी असतात, मुलांना त्याला वेळ लागतो.

तीन महिन्यांबद्दल: तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या आणि आत्ता दोन महिन्यांची परत येण्याची तारीख धरा. वाढवणं आनंदाचं असतं. लवकर निघावंसं वाटलं तर ते मुलीला सांगणं फार जड जातं. फक्त मुक्कामाची परवानगी किती ते पाहूनच वाढवा. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत असाल तर तिथे प्रवेश करताना होणाऱ्या आय-९४ नोंदीवरची तारीख शेवटची, व्हिसावर पुढचं वर्ष छापलेलं असलं तरी.

---

प्राजक्त

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. धावपट्टीदादांचं उत्तर मी यांना वाचून दाखवलं. "जिना चढता येईल का" यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "उतरताना नाही जमणार." म्हणजे 'एस' नोंदवायचं. चार तासांचं तिकीट घेतो आहोत. मुलीला किल्लीचं सांगितलं, ती म्हणाली, करून ठेवते.

दोनच शंका राहिल्या. मधल्या विमानतळावर आमच्या बॅगा आम्हाला उचलाव्या लागतील का? आणि विम्यात यांचा मधुमेह लिहिला तर विमा नाकारतील का, असं एका नातेवाइकांनी मनात भरवलं आहे.

---

निळी_शाई

मधुमेह लिहायचाच. इन्शुलिन चालू असलेल्या माणसाचा मधुमेह कुठल्याही रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर येतो, आणि लपवलेला आजार हे दावा फेटाळायला पुरेसं कारण होतं. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. आधीपासूनच्या आजारातून अचानक उद्भवलेल्या तातडीच्या उपचाराचा खर्च पॉलिसीत धरला आहे का आणि किती रकमेपर्यंत, तो परिच्छेद स्वतः वाचा. मुक्काम वाढवलात तर विमा आधीचा संपण्यापूर्वी वाढवा. विमा कंपनीचा मदतीचा फोन क्रमांक कागदावर लिहून मुलीकडेही ठेवा. भरती व्हायची वेळ आली तर शक्य असेल तेव्हा त्यांना आधी कळवावं लागतं.

---

धावपट्टी

बॅगांचं उत्तर बॅगेच्या पट्टीवरच असतं. सामान देताना काउंटरवर जी पट्टी लावतात, तिच्यावर शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी संकेत आहे ना ते पाहा. असेल तर बॅग सहसा थेट तिथेच जाते. अपवाद अमेरिकेचा. तिथे उतरून पुढे देशांतर्गत विमान घ्यायचं असेल तर पट्टीवर काहीही असलं तरी सहसा पहिल्याच विमानतळावर सामान उचलून, सीमाशुल्क तपासणीतून नेऊन, पलीकडे पुन्हा द्यावं लागतं. खुर्ची ढकलणारा माणूस बहुधा बॅगाही ओढून देतो, पण त्याला ते सुरुवातीलाच सांगा. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान पुढे जाईलच असं नाही, म्हणून एकच सलग तिकीट घ्या.

पट्टीचा छोटा तुकडा तुम्हाला देतात, तो टाकू नका. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे बॅग मोडलेली मिळाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. उशिरा मिळाली तर हाती आल्यापासून २१ दिवसांत. त्या वेळी तो तुकडा मागतात. आणि एका बॅगेत तुमचेच कपडे, दुसरीत काकांचेच, असं भरू नका. दोघांचे थोडे थोडे दोन्हींत घाला.

निघायच्या आदल्या दिवशी विमान कंपनीला फोन करून 'एस' नोंदलेलं आहे का, दोन्ही टप्प्यांवर आहे का, एवढं पुन्हा एकदा विचारा.