मदत हवी आहे: मागच्या ब्रेकचा टॉर्क आर्म ढिला राहिला, पाना लावून तपासला होता तरीही

मंडळी,

गाडी १०० सीसीची, बारा वर्षांची, मागे ड्रम ब्रेक. घर मालवणात, समुद्र हाकेच्या अंतरावर. गंज न लागलेला नट या गाडीला शोधून सापडायचा नाही.

चतुर्थीच्या चार दिवस आधी मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे) झिजल्याचं लक्षात आलं. आमच्या गॅरेजवाल्याकडे तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून काम घरीच पडवीत काढलं. असं काम मी याआधी दोनदा केलंय, अगदीच नवखा नाही. चाक काढलं, ड्रममधली काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसली, नवे लायनर बसवले, लायनर फाकवणाऱ्या कॅमला जरासं ग्रीस लावलं. चाक परत चढवताना लाईट गेली. अर्धा तास वाट बघितली, मग जेवायला बोलावलं, आणि बाकीचं काम जेवणानंतर मोबाईलच्या उजेडात उरकलं. टॉर्क आर्म, म्हणजे ब्रेकची प्लेट फिरू न देणारी पट्टी, तिच्या बोल्टला नट लावला, पाना फिरेना तोवर आवळला. नट निसटू नये म्हणून बोल्टच्या टोकाच्या भोकात घालायची स्प्लिट पिन काही केल्या आत जाईना. भोक गंजाने बुजलं असेल, सकाळी तार घालून साफ करू, असं म्हणून झोपलो.

सकाळी आठवणीने तपासलं, हे मुद्दाम सांगतोय. एक्सलच्या नटाला पाना, ढिम्म नाही. आर्मच्या नटाला पाना, ढिम्म नाही. चेनचा झोल पंचवीस मिलिमीटर, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक छान लागला. पिनेचं मात्र डोक्यातून साफ गेलं.

त्याच दिवशी बाबा चतुर्थीच्या बाजाराला कुडाळला गाडी घेऊन गेले. जाऊन-येऊन पन्नासच्या वर किलोमीटर, येताना मागे नारळांचं पोतं. घरी आल्यावर म्हणाले, "मागल्या चाकात काय तरी वाजता. ब्रेक मारलो काय खट् करता. तू नीट बघलंस मा?"

वाकून बघितलं तर आर्म आणि नट यांच्यात नख जाईल एवढी फट. नट मात्र मी जिथे सोडला होता तिथेच होता, पुन्हा पाना लावला तरी हलेना! मला घाम फुटला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रेक मारला की लायनर ड्रमला धरतात आणि फिरता ड्रम ब्रेकच्या अख्ख्या प्लेटला आपल्याबरोबर ओढायला बघतो. तिला जागेवर धरून ठेवतो तो हा आर्म. तो सुटला तर प्लेट फिरते, ब्रेकचा रॉड खेचला जातो आणि चाक जाम होऊ शकतं. तेही कुडाळच्या वाटेवरच्या चौके गावाच्या वळणावर, पोतं मागे असताना.

आता प्रश्न. आर्मचं भोक लांबट झालेलं दिसतंय, वेल्डिंगने भरून चालेल की आर्मच बदलू? अजून काय काय तपासू? आणि नट हलत नव्हता, तरी ढिला कसा? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

प्रतिसाद – जुना फिटर

आर्म बदला. वेल्डिंग नको, किंमत फार नसते. भोक एका दिवसात लांबट होत नाही, तुमच्या आधीही कुणीतरी तो ढिला सोडलेला असणार. प्लेटवर आर्म जिथे लागतो तिथे तडा आहे का ते बघा, ब्रेकचा रॉड वाकलाय का तेही. बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि पिन नवीनच घाला. जुनी पिन सरळ करून परत घालणारे पुष्कळ आहेत, ती वाकवतानाच मोडते. आणि एक्सल आवळताना ब्रेकचा पेडल दाबून धरा, लायनर मधोमध बसतात.

प्रतिसाद – वेंगुर्लेकर

कोडं सोपं आहे. तुमचा नट आर्मला टेकलाच नव्हता, गंजलेल्या आट्यांत मध्येच अडकला होता. अडकलेला नट आणि आवळलेला नट हाताला सारखाच लागतो. टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की खट् वाजणारा पाना) असता तरी त्याने खट् करून फसवलंच असतं. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, नट शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी गेला पाहिजे, मगच पाना. आट्यांना तेल लावलंत तर जोर जरा कमी लावा, तेलावर तेवढ्याच जोराला नट बोल्टला जास्त खेचतो.

आणि पिन जाईना ती गंजाने नव्हे हो. नट पुरता आत गेला नव्हता म्हणून भोक नटाखाली झाकलेलं होतं. गाडीने तुम्हाला रात्रीच सांगितलं होतं.

प्रतिसाद – सड्यावरून

मी माझं काम सकाळी बायकोला तपासायला लावतो. तिला गाडीतलं काही कळत नाही, म्हणूनच. तिला सांगतो, प्रत्येक नटावर बोट ठेव आणि मला विचार हा का लावला. मीच मला विचारलं तर उत्तर आधीच तयार असतं. शिवाय आवळलेल्या नटावर नेलपॉलिशची रेघ, नटापासून खालच्या भागापर्यंत, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. मध्येच उठावं लागलं तर परत आल्यावर पहिल्या नटापासून.

धागाकर्ता

वेंगुर्लेकर, नमस्कार घ्या! आज आटे घासले. नट बोटांनी आणखी आत गेला आणि भोक समोर आलं, स्वच्छ, गंजाचा कण नाही. मी ज्याला बुजलेलं समजलो ते भोक मी बघितलंच नव्हतं.

आर्म कुडाळच्या दुकानात सांगितलाय, शुक्रवारी येईल. तोवर गाडी डबल स्टँडवर आणि बाबा एसटीने. फिटरकाका, एक शेवटचं: इथे बोटीचं सामान मिळतं त्या दुकानात स्टेनलेसच्या स्प्लिट पिना आहेत, त्याच जाडीच्या. साध्या पिनेऐवजी ती घातली तर चालेल ना?