बारावीनंतर लॉ : थेट न्यायाधीश होता येतं का?

'पाच वर्षांची डिग्री घ्यायची आणि लगेच न्यायाधीशाची परीक्षा द्यायची, वकिलीत उपाशी कशाला राहायचं,' असं बरेच जण म्हणतात. हा रस्ता आता बंद आहे. 20 मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षं वकिली पुन्हा सक्तीची केली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेपासून, म्हणजे बार कौन्सिलकडे वकील म्हणून पहिली नोंदणी झाल्यापासून मोजतात, म्हणून डिग्रीचा निकाल लागला की नोंदणीला एक दिवसही उशीर करू नका.

आणि कोल्हापुरात ती तीन वर्षं उपाशी जायचं कारण नाही. ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोर मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू आहे, सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथेच येतात. खालच्या कोर्टातले कागद मराठीत, हायकोर्टात काम इंग्रजीत. मी सिनियर वकिलांकडे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी), जबाब, जुनी खरेदीखतं भाषांतर करून देतो. 'वहिवाट' या एका शब्दावर परवा अर्धा दिवस गेला, कारण त्यात ताबाही येतो आणि वाटेचा नेहमीचा वापरही. नुसतं 'पझेशन' लिहिलं असतं तर पक्षकाराचा पाणंदीचा, म्हणजे शेतात जायच्या वाटेचा हक्कच कागदावरून गेला असता. गावाकडच्या, मराठी माध्यमातल्या पोरांनो, हे काम तुमचं आहे. इंग्रजी मात्र पहिल्या वर्षापासून घासा.