मदत हवी आहे: ऑडिटरने ‘क्वांटमची तयारी’ विचारली, छोट्या लॅबने नक्की काय करायचं?

मिरजेचा_अ‍ॅडमिन
पॅथॉलॉजी लॅबचं आयटी माझ्याकडे आहे. मुख्य ऑफिस सांगलीत, कलेक्शन सेंटर मिरज आणि इचलकरंजीत, तिन्ही वायरगार्ड व्हीपीएनच्या बोगद्यांनी जोडलेली. रिपोर्टचं पोर्टल उबुंटू २४.०४ वर, एनजिनएक्स वेब सर्व्हरने चालतं. रोजचा बॅकअप जीपीजी या साधनाने, आरएसए पद्धतीच्या ४०९६ बिटांच्या चावीने एन्क्रिप्ट होऊन क्लाउडवर जातो. एक विक्रेता ‘क्वांटम-प्रूफ एसएसएल’ गळ्यात मारायला बघतोय. घ्यावं का? बजेट जवळपास नाहीच.

सह्याद्री_रूट
नका घेऊ. आज आरएसए फोडणारा क्वांटम संगणक नाही. खरी भीती वेगळी आहे: आजचा एन्क्रिप्टेड डेटा कुणी साठवून ठेवेल आणि दहा-पंधरा वर्षांनी उघडेल. पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट तेव्हाही गुप्तच राहायला हवा. म्हणून आधी चाव्यांची देवाणघेवाण, म्हणजे की एक्स्चेंज बदला. सर्टिफिकेटवरची सही पंधरा वर्षांनी खोटी करून आजचं कनेक्शन कुणी फसवू शकत नाही, ते काम नंतर.

तुमच्याकडे सगळ्यात कच्चा दुवा बॅकअप आहे. आत फाइल एईएस-२५६ ने एन्क्रिप्ट असली तरी ती एईएसची चावी आरएसएने गुंडाळलेली असते. आरएसए फुटलं की सगळं उघडं, ४०९६ असो की २०४८. फाइल तर आधीच दुसऱ्याच्या सर्व्हरवर पडून आहे. रेस्टिक हे बॅकअपचं साधन वापरा किंवा जीपीजीच्याच सिमेट्रिक मोडमध्ये जा (एकाच पासफ्रेजचं कुलूप, मध्ये आरएसए नाही). लांब, यादृच्छिक पासफ्रेज छापून तिजोरीत ठेवा, ती हरवली तर बॅकअप गेला. नवा बॅकअप रिस्टोर करून बघा, मगच जुने क्लाउडवरून काढा.

वायरगार्डमध्ये प्रत्येक जोडीसाठी २५६ बिटांची प्रीशेअर्ड की (दोन्ही टोकांना आधीच ठेवलेली गुप्त चावी) टाकता येते, फुकटात. जोडी म्हणजे सांगली-मिरज एक, सांगली-इचलकरंजी दुसरी. एकच की सगळीकडे चिकटवू नका. ती मेलने किंवा सध्याच्या बोगद्यातून पाठवली तर अर्थच उरत नाही, पेन ड्राइव्हवर हाती न्या.

पॅकेट_पंत
एसएसएचची, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची, फार काळजी नको. ओपनएसएसएच ९.० पासून (एप्रिल २०२२) क्वांटमला टिकणारी हायब्रिड (जुनी अधिक नवी) की एक्स्चेंज पद्धत डिफॉल्ट आहे आणि २४.०४ मध्ये ९.६ येतं. फक्त कुणी कॉन्फिगमध्ये केक्स (की एक्स्चेंज) अल्गोरिदमची जुनी यादी ठोकून ठेवली नाही ना, ते बघा. डबल व्हर्बोज लावून जोडा, ‘केक्स: अल्गोरिदम’च्या ओळीत एसएनटीआरयूपी ७६१ (तीच हायब्रिड पद्धत) दिसलं की झालं.

पोर्टलला मात्र अडचण आहे. २४.०४ वर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीची ३.० मालिका आहे. एमएल-केम, म्हणजे क्वांटमला टिकणारी की एक्स्चेंज पद्धत (अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचं ऑगस्ट २०२४ मधलं फिप्स २०३), ओपनएसएसएल ३.५ मध्ये आलं. सिस्टिमच्या ओपनएसएसएलवर हाताने नवं बसवू नका, बाकीची पॅकेजेस त्याच लायब्ररीवर उभी असतात. पोर्टलच्या पुढे डेबियन १३ या लिनक्सचं छोटं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) टाका, त्यात ३.५ आहे, आणि तिथला एनजिनएक्स प्रॉक्सी, म्हणजे मधला दरवाजा म्हणून वापरा. जुनं कॉन्फिग जसंच्या तसं उचलू नका: प्रोटोकॉलच्या ओळीत फक्त टीएलएस (एसएसएलचंच पुढचं रूप) १.२ असेल किंवा कर्व्हची, म्हणजे की एक्स्चेंजची पद्धत ठरवणारी ओळ जुन्या पी-२५६ वर बांधलेली असेल तर एमएल-केम कधीच लागणार नाही, आणि एररही येणार नाही.

मिरजेचा_अ‍ॅडमिन
धन्यवाद. दोन घोळ. प्रीशेअर्ड की टाकल्यापासून मिरजेचा बोगदा मुका झालाय, एरर काहीच नाही. आणि इचलकरंजीत क्रोममध्ये नवं पोर्टल लटकतं, त्याच मशीनवर जुन्या कर्लने (कमांड लाइनवरून साइट उघडणारं साधन) मात्र उघडतं. तिथले ब्राउझर बोगद्यातून नाही, थेट इंटरनेटवरून जातात.

पॅकेट_पंत
मिरज: की एकाच टोकाला बसली असेल किंवा दोन्हीकडे वेगळी असेल. असं झालं की वायरगार्ड तक्रार करत नाही, फक्त ‘लेटेस्ट हँडशेक’ पुढे सरकत नाही. दोन्हीकडची की अक्षरन् अक्षर तीच आहे ना, ते आधी तपासा.

इचलकरंजी: मला फायरवॉलचा संशय आहे. क्रोमच्या पहिल्याच संदेशात आता एमएल-केमची १,१८४ आणि जुन्या पद्धतीची, एक्स२५५१९ ची ३२ बाइटची चावी असते, म्हणून तो संदेश, म्हणजे क्लायंट हेलो, १,५०० बाइटच्या पॅकेटात मावत नाही, दोन तुकडे होतात. फायरवॉलमधलं जुनं डीपीआय (पॅकेटच्या आत डोकावून तपासणी) पहिलाच तुकडा वाचतं आणि कनेक्शन अडकवतं. जुना कर्ल लहान हेलो पाठवतो, म्हणून सुटतो. फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना वायरशार्क (पॅकेट टिपणारं साधन) लावा: आत दोन तुकडे, बाहेर एक किंवा शून्य, तर दोष तिथेच. फर्मवेअर अपडेट करा. ते मिळत नसेल तर त्या नियमापुरतं डीपीआय बंद करा. ब्राउझरमधलं एमएल-केम बंद करणं म्हणजे ज्यासाठी एवढं केलं तेच काढून टाकणं.

फायरवॉल टीएलएस उघडून तपासत असेल तर अजून एक मेख: ब्राउझरचं कनेक्शन फायरवॉलपाशीच संपतं, पुढचा टप्पा फायरवॉलच्या स्वतःच्या लायब्ररीवर चालतो. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये एमएल-केम दिसलं तरी बाहेर नसू शकतं. खात्री प्रॉक्सीच्या लॉगमध्ये करा, कर्व्हचं व्हेरिएबल लॉगच्या फॉरमॅटमध्ये घाला.

सह्याद्री_रूट
सर्टिफिकेट हाताने बदलत असाल तर तेही आता आटपा. १५ मार्च २०२६ पासून मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, २०२९ च्या मार्चपासून ४७. प्रॉक्सी नवा करताय तर सर्टिफिकेट आपोआप बदलणारं सर्टबॉट त्याच वेळी लावा. ऑडिटरला कागद लागतोच: कुठे कोणता अल्गोरिदम, कोणती आवृत्ती, तो डेटा किती वर्षं गुप्त हवा, एवढ्या रकान्यांची एक्सेल द्या. अल्गोरिदमच्या अशा यादीला सर्ट-इन (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सीबॉम म्हणतं.