मदत हवी आहे: स्किझोफ्रेनिया की बायपोलर, डॉक्टर कशावरून ठरवतात?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. दिवाळीपासून तो खोलीतून फारसा बाहेर येत नाही. रात्री मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो, कारण शेजारचे त्यातून आपलं बोलणं ऐकतात अशी त्याची खात्री आहे. जेवताना घास हातात तसाच राहतो आणि तो मान वळवून कुणाचं तरी ऐकत बसतो. विचारलं तर म्हणतो, "ताई, तुला खरंच ऐकू येत नाही?"

दोन डॉक्टर झाले. पहिल्यांनी कागदावर नुसतं 'सायकोसिस' (वास्तवाशी संबंध सुटणं) लिहिलं. दुसऱ्यांनी बायपोलर, म्हणजे मूड टोकाचा चढतो-उतरतो तो आजार, आहे का बघायला विचारलं, मधे कधी दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना, भरभर बोलणारा, पैसे उधळणारा झाला होता का? मार्चमध्ये आठवडाभर तो जागा होता हे खरं, पण मला वाटतं भीतीने जागा होता. मला नीट सांगता आलं नाही, ते मनाला फार लागलंय.

आत्या म्हणते, स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन माणसं. ते नाही, ते दुखणं वेगळं. १९०८ मध्ये ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी हा शब्द काढला तो विचार आणि भावना यांची ताटातूट होते म्हणून, एवढं मी वाचलंय. आवाज आणि संशय बायपोलरमध्ये किंवा खोल डिप्रेशनमध्येही येतात, गांजानेही येतात. मग मूड ठीक असतानाही आवाज चालू राहतात का, हेच मुख्य बघायचं ना?

आणि एक. गोळी सुरू झाल्यापासून तो दिवसभर पडून असतो, आंघोळ नाही. हा आजार, डिप्रेशन की गोळीची गुंगी?

प्रतिसाद:
ताई, माझ्या मुलाचं निदान व्हायला दीड वर्ष लागलं. मूडचं तुम्ही बरोबर धरलंय. डॉक्टर काळही बघतात, डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात स्किझोफ्रेनियासाठी त्रास किमान ६ महिने असावा लागतो, म्हणून पहिले डॉक्टर नुसतं सायकोसिस लिहून थांबले असतील. एक वही करा. तारीख, झोपेचे तास, मूड, आवाज-संशय, गोळीची वेळ. मूड आणि आवाज यांचे रकाने वेगळे ठेवा, आमच्या डॉक्टरांना त्याचाच उपयोग झाला. पडून राहणं गोळीच्या आधीपासून होतं का, तेही आठवून लिहा. माझा मुलगा उदास नव्हता, त्याला कशाची ओढच उरली नव्हती. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, गुंगीचं डॉक्टरांना सांगा. जीव देण्याचं बोलला तर एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती:
खूप आभार काकू. आंघोळ दिवाळीतच सुटली होती, गोळी एप्रिलमध्ये सुरू झाली. हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. गुरुवारी वही घेऊन जाते.