कडक माउंटिंगची थरथर चालकाने निमूटपणे सोसावी का?

घाटचालक (धागालेखक):

माझ्याकडे १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक असून ती ९२ हजार किलोमीटर चालली आहे. गिअरबॉक्सच्या माउंटिंगचे (इंजिन-गिअरबॉक्सला बॉडीवर धरून ठेवणाऱ्या आधाराचे) मूळ रबर फाटल्यामुळे पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना पुढून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागला होता, म्हणून गेल्या महिन्यात डावीकडचे गिअरबॉक्स माउंटिंग आणि खालचा टॉर्क रॉड (इंजिनाचे मागेपुढे झुकणे रोखणारा दांडा) हे दोन्ही पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरापेक्षा कडक अशा प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, बसवून घेतले. ठक् गेली. खंबाटकीच्या चढावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की पूर्वी इंजिन आधी मागे झुकायचे आणि मग गाडी पुढे सरकायची. तो मधला क्षणच आता उरलेला नाही.

मात्र सिग्नलला उभे असताना मागच्या ट्रकचे दोन दिवे आरशात चार दिसतात, कप होल्डरमधली सुटी नाणी किणकिणतात आणि पाचव्या गिअरमध्ये ८० च्या आसपास केबिनमध्ये घुमारा धरतो. मिस्त्री म्हणतात, हजार किलोमीटरमध्ये बसेल. माझे मत असे की ते बसले नाही तरी बिघडत नाही. ही थरथर म्हणजे दोष नसून नेमक्या प्रतिसादाची किंमत आहे, आणि ज्याला गाडी चालवण्यात रस आहे त्याने ती मोजताना कुरकुर करू नये.

मागची सीट:

किंमत तुम्ही मोजत नाही, तुमच्या मागे बसणारे मोजतात, एवढेच सौम्यपणे सुचवतो. चालकाला स्टिअरिंगमधून काहीतरी कळते, म्हणून त्याला थरथर ही माहिती वाटते. मागे बसलेल्याला ती फक्त थरथर असते.

रबराची माउंटिंग हा शोरूममध्ये गिऱ्हाईक भुलवण्याचा प्रकार आहे असे आपल्यापैकी बरेच जण धरून चालतात, आणि तुमच्या मताखालीही तोच समज असावा. पूर्वी बहुतेक इंजिने थेट चासीला बोल्टने आवळलेली असत आणि चार सिलिंडरच्या गाडीत बसणे ही शिक्षाच होती. १९३१ साली क्रायस्लरने आपल्या प्लिमथमध्ये इंजिन रबरावर अशा रीतीने टांगले की ते स्वतःच्या अक्षाभोवती थोडे डोलू शकेल, आणि त्या योजनेला ‘फ्लोटिंग पॉवर’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी सिट्रोएनने ती परवाना घेऊन वापरली. म्हणजे इंजिन हलते ही ढिलाई नव्हे. ते हलावे म्हणूनच तशी योजना केलेली आहे, आणि आपण पैसे देऊन ती मोडून घेतली आहे.

घाटचालक:

डोलू द्यावे हे मान्य आहे, परंतु किती, हा प्रश्न उरतोच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आडव्या इंजिनाच्या गाडीत डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) गिअरबॉक्सच्याच पोटात असल्यामुळे चाकांवर जाणाऱ्या संपूर्ण टॉर्कची (फिरवणाऱ्या जोराची) प्रतिक्रिया माउंटिंगलाच पेलावी लागते. इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण ३.५ आणि शेवटच्या गिअरचे ४ धरले, तर हा आकडा दीड हजारांच्या वर जातो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या उभ्या इंजिनाच्या गाडीत शेवटचे गुणन मागच्या ॲक्सलमध्ये होते, त्यामुळे तिथल्या माउंटिंगवर एवढा भार येत नाही. तुमच्या १९३१ च्या प्लिमथचे उदाहरण म्हणूनच मला लागू होत नाही.

मापपट्टी:

दोघेही चवीवर वाद घालत आहात. थोडे गणित करू.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला दोन धक्के बसतात. ७५० आरपीएमच्या (मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या) आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, सेकंदाला १२.५ फेऱ्या होतात, म्हणजे २५ हर्ट्झची थरथर. माउंटिंगवर बसलेल्या इंजिनाची स्वतःची नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर ते आपणहून सेकंदाला जितक्या वेळा डोलते तो आकडा) समजा १० हर्ट्झ असेल, तर डॅम्पिंग (डोलणे हळूहळू विझवणारा रोध) बाजूला ठेवून बॉडीपर्यंत पोहोचणारे बल सुमारे एक पंचमांश उरते. आता माउंटिंगचा कडकपणा तिप्पट झाला असे धरा. नैसर्गिक वारंवारता त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढून सुमारे १७.३ हर्ट्झ होते, आणि त्याच २५ हर्ट्झला नव्वद टक्क्यांहून अधिक बल बॉडीत उतरते. माउंटिंगने अडवायचे काम जवळजवळ सोडून दिले, असा याचा अर्थ. तुम्ही तीनपैकी दोनच बदलली आहेत, त्यामुळे आकडे एवढे टोकाचे नसतील, पण दिशा हीच राहील.

८० च्या वेगाला इंजिन २४०० च्या आसपास फिरत असेल, म्हणजे ८० हर्ट्झ. तिथे कडक माउंटिंगही बहुतेक बल अडवते, तरीही जे उरते ते पूर्वीच्या सुमारे तिप्पट असते. तिप्पट म्हणजे जवळपास १० डेसिबल, आणि एवढी वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते.

एसी लावल्यावर आयडलिंग ९०० वर जाते का, आणि तेव्हा नाणी गप्प बसतात का, ते पाहून कळवा. माझ्या हिशेबात ३० हर्ट्झला बल निम्म्यावर यायला हवे. (तीन सिलिंडरवाल्यांनी या वाटेला जाऊच नये. फेरीला दीड धक्का, म्हणजे ७५० ला पावणेएकोणीस हर्ट्झ. हा आकडा १७.३ च्या अगदी उंबऱ्यावर आहे, जिथे थरथर अडण्याऐवजी उलट वाढते.)

डबल क्लच:

गणित बरोबर आहे, पण पॉलियुरेथेनला दोष देण्याआधी बसवणी तपासा. पंचवीस वर्षे गाड्यांखाली झोपून एवढे शिकलो आहे की अशा अर्ध्या तक्रारी माउंटिंगच्या नसून ते आवळण्याच्या असतात. गिअरबॉक्स जॅकवर तोलून धरलेला असतानाच बोल्ट शेवटपर्यंत आवळले, तर बुश (माउंटिंगमधली गोल गादी) पिळलेल्या अवस्थेत कायमचा अडकतो. बोल्ट हाताने लावावेत, जॅक काढावा, इंजिन दोन मिनिटे चालू ठेवून स्वतःच्या जागी स्थिरावू द्यावे, आणि मगच टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळावेत. घाईच्या गॅरेजमध्ये ही दोन मिनिटे हमखास वाचवली जातात. शिवाय इंजिन काही मिलिमीटर सरकले तरी सायलेन्सरच्या पाइपचे हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) बॉडीला टेकते, आणि मग घुमारा तिथून येत असताना शिव्या माउंटिंगला बसतात.

आणखी एक. तुमच्या गाडीत गिअर केबलने पडत असतील, तर लिव्हर आता ‘नेमका’ झाल्याचे जे बहुतेक जण सांगतात ते निम्मे मनाचे खेळ असतात, कारण केबल इंजिनाचे हलणे बरेचसे पोटात घेते. जुन्या रॉडच्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती.

मागची सीट:

बसवणीचा मुद्दा मान्य, परंतु ‘हजार किलोमीटरमध्ये बसेल’ या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. पॉलियुरेथेन सुरुवातीला भाराखाली किंचित दबते हे खरे, पण ८० शोअरचा (शोअर हे अशा पदार्थांचा कडकपणा मोजण्याचे माप) पदार्थ हजार किलोमीटरने ५५ शोअरचा होत नाही. बहुधा माणूसच तेवढ्यात सरावतो. मिस्त्रींनाही ते ठाऊक असते आणि तेवढ्या काळात गिऱ्हाईक भांडायला येत नाही, हेही ठाऊक असते.

घाटचालक:

रविवारी डबल क्लच यांच्या सांगण्याप्रमाणे तिन्ही जागचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळले. टॉर्क रॉडचा बोल्ट सैल होताच रॉड बोटभर खटकन सरकला, म्हणजे तो ताणलेलाच बसवला होता. ८० चा घुमारा निम्म्याहून कमी झाला. आयडलिंगची थरथर मात्र जशीच्या तशी आहे. मापपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे एसी लावला की नाणी थांबतात, बंद केला की पुन्हा सुरू होतात. आमच्या मातोश्रींनी परवा न विचारताच एसी लावायला सांगितला, उकाडा नसताना.

तेव्हा वजन पेलणारे डावीकडचे माउंटिंग पुन्हा मूळ रबराचे बसवतो आणि टॉर्क रॉड पॉलियुरेथेनचाच ठेवतो, कारण इंजिनाचे मागेपुढे झुकणे मुख्यतः तोच रोखतो. कडक माउंटिंग चूक होती, असे मी अजूनही म्हणणार नाही. दोन्ही एकदम बदलणे चूक होते.

मागची सीट:

चढावर ॲक्सिलरेटर दाबलात की सगळा जोर त्याच रॉडमधून सबफ्रेममध्ये (इंजिनाखालच्या चौकटीत) उतरणार आहे, त्यामुळे खंबाटकीत आवाज येणारच, फक्त सिग्नलला येणार नाही. रबर बसवल्यावर एकदा मातोश्रींना मागे बसवून घाट चढा आणि त्या काय म्हणतात ते इथे लिहा.