रिद्धपुरात काळ्या सदऱ्यातला माणूस: साधू की हरवलेला?

प्रश्न: पूजावाला
रिद्धपूरला माझं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. पोळ्यापासून एक माणूस समोरच्या कडुनिंबाखाली बसतो. अंगात काळा सदरा, म्हणून बाहेरगावचे भक्त त्याला महानुभाव पंथाचा भिक्षू समजून 'दंडवत प्रणाम' करतात. तो उलट दंडवत करत नाही, फक्त दोन्ही तळवे उघडून दाखवतो. नाव विचारलं तर कधी रमेश सांगतो, कधी अब्दुल. मनगटावर गोल गोल अक्षरांचं गोंदण आहे. जेवण झालं की ताट राखेनं घासून उपडं घालतो. आता लोक त्याच्यापुढं नारळ ठेवायला लागलेत. नारळ माझ्याच दुकानातले, म्हणून मला बोलताही येत नाही. आई म्हणते, "राहू दे, कोन कोन्या रूपात येते सांगता येत नाही." पोट्टे म्हणतात, आधार कार्ड मागा. काय करावं?

वऱ्हाडी बुढा
माय बरोबर म्हनते बावा. 1878 मध्ये शेगावात गजानन महाराज उष्ट्या पत्रावळीतली शितं खाताना दिसले. कोन, कुठचे, अजून कोनाले समजलं नाही. तुमच्याच गावात महानुभावांच्या गोविंदप्रभूले, चक्रधरस्वामींच्या गुरूले, लोकं येडं म्हनत. पन म्हनून दर येड्यापुढं नारळ काऊन ठेवता? जेवू घाला ना!

मोर्शीची सिस्टर
आधी ठाण्यात कळवा. मानसिक आरोग्य कायदा 2017 चं कलम 100 सांगा. असा भटकणारा माणूस आजारी आहे, स्वतःला सांभाळू शकत नाही असं वाटलं, तर पोलिसांनी त्याला 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. कोठडीत ठेवता येत नाही. घरच्यांचा शोध घेणंही त्यांचंच काम. पायाला जखम, सूज आहे का तेवढं बघून ठेवा. उन्हातान्हात अनवाणी फिरलेल्यांची जखम चिघळते, अन् ते सांगत नाहीत.

पूजावाला
डाव्या टाचेला फडकं बांधलेलं आहे. सोडू देत नाही. ठाण्यात उद्या सकाळीच जातो. त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू का, कोणी ओळखेल?

धुळेकर
अजिबात टाकू नका! 1 जुलै 2018 ला आमच्या जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. तेही मोबाईलवरच्या अफवेनं. त्यात तुमचा माणूस दोन धर्मांची नावं सांगतो. फोटो फक्त पोलिसांना द्या.

आदिलाबाद रिटर्न
गोंदण तेलुगू असेल तर मला वाचता येतं. फोटो नको, अक्षरं कागदावर जशीच्या तशी काढून मला मेसेज करा. गावाचं नाव निघालं तर ठाण्यात तेच आधी सांगा.