सुलोचनाबाई फडावर नाचत नव्हत्या हो! (आणि माडगूळला तेव्हा ऊसही नव्हता)

मिरजेचे मास्तर
सकाळपासून एकच पोस्ट चार ग्रुपांवर आली. ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ या गाण्याच्या जन्माची कहाणी. म्हणे गदिमा माडगूळला आपल्या उसाची राखण करत बसले होते, तिथं ओळ सुचली, आणि तमाशात नाचणाऱ्या सुलोचना चव्हाणांनी घुंगरं बांधून एका दमात गायली. खाली हात जोडलेल्यांची रांग.

कुठून आणतात हे लोक? बाई गिरगावच्या, जन्म १९३३चा. आधी के. सुलोचना या नावानं हिंदी गाणी गायच्या. लावणी घोटून घेतली ती नवऱ्यानं, शामराव चव्हाणांनी. कुठला शब्द फेकायचा, कुठला नुसता सोडून द्यायचा, हे त्यांचं शिकवणं. गाणं १९६५च्या ‘मल्हारी मार्तंड’मधलं, चाल वसंत पवारांची. आणि बाई कार्यक्रमात डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या. सोज्वळ बाई! घुंगरं कसली बांधताय त्यांना?

वाईची सून
पोस्ट खोटी आहे, मान्य. पण मास्तर, त्या पोस्टपेक्षा तुमचं ‘सोज्वळ’ जास्त टोचलं. नाचल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

आमच्या गल्लीत एक आजी होत्या, तरुणपणी फडात होत्या. दोन्ही घोट्यांवर काळे घट्टे. मी लहानपणी विचारलं, भाजलं का? म्हणाल्या, “घुंगरं गं, पोरी.” गल्लीतल्या एका लग्नात त्यांना आग्रह करकरून गायला बसवलं आणि पंगत उठल्यावर मागच्या दाराशी ताट दिलं. ताट देणाऱ्या बायका सगळ्या सोज्वळच होत्या.

यमुनाबाई वाईकर आमच्या गावच्या. बसून नुसत्या अदाकारीवर लावणी उभी करायच्या. पद्मश्री मिळाली २०१२ला, वय ९६! त्यांच्या लावणीवर किती रील बघितलेत?

कराडचा पाव्हणा
झालं! गाण्यावरनं सुरू झालं आणि पंगतीवर आलं. ताई, सुलोचनाबाईंनाही पद्मश्री २०२२लाच मिळाली, त्याच डिसेंबरात गेल्या. सरकार सगळ्यांनाच उशिरा देतं. ह्यात मास्तरांनी काय पाप केलं?

आणि मास्तर, त्यांची पहिली लावणी ‘लवंगी मिरची’वाली, ते लिहायचं राहिलं.

मिरजेचे मास्तर
राहिलं नाही, चूक आहे म्हणून लिहिलं नाही. ती १९६२ची, ‘रंगल्या रात्री अशा’मधली, जगदीश खेबूडकरांनी लिहिलेली. त्याच्या कितीतरी आधी अत्र्यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’ सिनेमात नटी हंसा वाडकरांसाठी लावणी गायल्यात. पुढं अत्र्यांनीच लावणीसम्राज्ञी म्हटलं.

ऊसवाला, पलूस
तुमचं चालू द्या. मला एकच सांगायचंय. तुरा आल्यावर फड सांभाळायचा नसतो, तोडायचा असतो. तुरा आला की वाढ थांबली. महिना-दीड महिन्यात तोड झाली तर ठीक, नाहीतर आत दशी पडते, कांडं पोकळ, वरनं पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटतात आणि वजन काट्यावर बसतं बोंबलत. गाण्यात म्हणतात ‘तुझ्या उसाला लागंल कोल्हा’, पण कोल्हा काय चार कांडी खाईल. खरा कोल्हा कोण ते आमास्नी विचारा.

आटपाडीकर
गदिमांना ऊस शिकवायला निघाले! पण एक खरं, तेव्हा आमच्या आटपाडी-माडगूळकडं बाजरी आणि कुसळं. ऊस आला तो टेंभू योजनेचं पाणी आल्यावर. त्यामुळं ‘माडगूळच्या उसात राखण’ हे वाचून मी हसून लोळलो.

ऊसवाला, पलूस
शाळेला आमच्याकडं कुंडलात होते की गदिमा. ऊस, गुऱ्हाळ सगळं बघितलं असणार. आणि ‘फड’ म्हणजे उसाचाही आणि तमाशाचाही, तुरा उसाचाही आणि कलगीतुऱ्यातलाही. एवढं खेळवणारा माणूस अडाणी नव्हता, मला मान्य. मी तोडीचं बोलतोय.

गेल्या साली आडसाली म्हणजे दीड वर्षाची लावण, तोडीची तारीख झाली, फडभर पांढरा तुरा. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीची पाळी लावणाऱ्याला, रोज फोन. आज येतो, उद्या येतो. शेवटी तोडणीची टोळी आली तर आधी खुशाली म्हणून पैसे, मग ट्रॅक्टरवाल्याची प्रत्येक खेपंला एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे, वर जेवण. कारखान्याचं नाव घेत नाही, पुढच्या सालीही ऊस तिथंच घालायचाय.

कराडचा पाव्हणा
आमच्याकडं एन्ट्री पाचशे झाली राव. नाही दिली तर शेंड्याच्या वाढ्यासकट ऊस सरीतच टाकून जातो.

आटपाडीकर
तुम्हाला एन्ट्री मागायला ट्रॅक्टर तरी येतो. आमच्याकडं लांब पडतं म्हणून फिरकत नाहीत.

मिरजेचे मास्तर
अहो, धागा गाण्याचा आहे! एन्ट्रीचा वेगळा काढा.

ऊसवाला, पलूस
गाणं उसाचं हाय का न्हाई? मग?

वाईची सून
मास्तर, ट्रॅक्टरमागं लपू नका. मी सुलोचनाबाईंना कमी म्हणत नाही. माईकसमोर ढोलकी घ्यायची आणि नुसत्या आवाजानं डोळा मारायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण तो ठसका फडावरच्या बायकांनी घडवलेला आहे. आपल्या घरांनी तो पदराआडून आला म्हणून आत घेतला. माझे सासरे रेडिओवर हेच गाणं लागलं की आवाज वाढवायचे, आणि गावात तमाशा आला की आम्हाला दार लावून घ्यायला सांगायचे.

मिरजेचे मास्तर
तुमच्या सासऱ्यांचा राग माझ्यावर कशाला?

(तासाभरानं) बरं. आमचे वडीलही कॅसेट लावायचे आणि आम्ही कवलापूरला काळू-बाळूंचा तमाशा बघायला गेलो म्हणून पट्टा काढला होता. ‘सोज्वळ’ शब्द मागं घेतो. पदर ठेवतो, तो खरा आहे.

वाईची सून
उपकार झाले.

ऊसवाला, पलूस
मिटलं का? मग कुणाकडं एखाद्या टोळीच्या मुकादमाचा नंबर असला तर बघा. मागच्या रानात चार-पाच तुरे दिसायला लागलेत.